दुसऱ्याचा डोळा

"सासूबाईंचा डोळा मीच बिघडवला म्हणतात, मॅडम. पण मी काहीच केलं नाही."

आचल हिवरखेडहून थेट अकोल्याला नगमा शेखच्या ऑफिसात आली होती. नगमा खाजगी तपासाची कामं घेई. तिची गाडी चालवणारा देवमन हाच तिचा मदतनीस.

सासू मनकर्णाबाईंचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याचं बुबुळ धुरकटलं होतं. अमरावतीच्या एका दवाखान्यात, दानात मिळालेल्या डोळ्याचा पातळ पापुद्रा त्यांच्या बुबुळाला आतून बसवला. घरी आल्यावर तो सरकला. डोळा जोरानं चोळला गेला, असं डॉक्टर म्हणाले. थेंब टाकायला डोळ्याजवळ जायची ती फक्त आचल. नवरा कुलदीप तिला कायमचं माहेरी धाडायला निघाला होता.

"दवाखान्यात काही घडलं होतं?"

"बाजूच्या खाटेवरची बाई वलगावच्या पोराचं सांगे. सायकलवर जाताना गाडीनं उडवलं, मायबापानं त्याचे डोळे दान केले. ते ऐकलं तवापासून सासूबाई धड जेवल्या नाही."

पापुद्रा सरकला त्या सकाळी सासूबाईंच्या डोळ्यावरून काढलेलं प्लॅस्टिकचं झाकण आचलने पुढे केलं. चिकटपट्टीखाली पांढऱ्या केसांची बट अडकली होती. नगमा लगेच उठली.

हिवरखेडला अंगणात जुनी जीप उभी होती. तिचा एकच दिवा नवाकोरा. बंपरवर निळा रंग घासलेला.

"मायले भरती कराले नेताना वलगावजवळ रोही आडवी आली," कुलदीप म्हणाला.

"रोही म्हंजे निलगाय," देवमन कुजबुजला. "निळा रंग लागनारच नं!"

नगमा आत गेली.

"मावशी, पापुद्रा पुन्हा जागेवर बसवता येतो. कधी जायचं?"

"नाई जात मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आहे तसंच राहू द्या."

नगमाने बाहेर येऊन डॉक्टरांना फोन केला. मग सगळ्यांना बैठकीत बसवलं.

"आचल केस मागे सारून पट्टी लावते. ही पट्टी केसांवरच बसलीय. न दिसणाऱ्या माणसानं चाचपडत लावलेली. मावशी, डोळा तुम्हीच चोळलात."

"आपलाच डोळा कोनी काहून चोळंन?" देवमनने विचारलं.

"तो दुसऱ्याचा वाटत असेल तर. जनावराचा रंग लोखंडाला लागत नाही, देवमन. तो सायकलचा आहे."

कुलदीपने मान खाली घातली.

"मले दिसत नव्हतं, पन ऐकू तं आलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "माय म्हनून वरडलं ते लेकरू. हा म्हने, रोही व्हती. पोराले वाचवाले मी गप्प बसली. अन् त्या मेलेल्या लेकराचाच डोळा माह्यात बसवला. त्या डोळ्यानं ह्याचं तोंड कसं पाहू? सुनेवर आळ आला, तरी माह्यं तोंड उघडलं नाही."

"डोळा त्याचा नव्हता, मावशी. डॉक्टर नाव सांगत नाहीत. पण तो एका म्हाताऱ्या बाईचा होता."

कुलदीपने सुटकेचा श्वास सोडला. "पाह्य माय, उगाचच तू..."

"उगाच?" मनकर्णाबाईंचा आवाज चिरला. "पोरगं तं मेलंच नं, बाबू."

मनकर्णाबाई भिंतीला धरून उठल्या. म्हणाल्या, "आधी वलगाव. दवाखाना मागून."

"पोलीस धरतीन मले."

"धरतीन."

वलगावच्या पोलीस ठाण्यासमोर देवमनने गाडी थांबवली. कुलदीप जागचा हलेना. मनकर्णाबाईंनी चाचपडत दार उघडलं आणि आचलचा हात धरून त्याच आधी उतरल्या.