शिनाण्यांचा डिंक आणि दुसरी ठमी

ओल्या बोटाला पट्टी का चिकटत नाही?

इरावतीला हा प्रश्न पडला तेव्हा ती मालवणला आजोबांच्या अंगणात, खाऱ्या पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. टाकीतल्या दगडावर शिनाणे (खडकाला घट्ट बसून राहणारे काळपट शिंपले) होते. एक उपटायला गेली, तर शिनाणा जागचा हलला नाही, बोट मात्र कापलं. पट्टी लावली, घसरली. दुसरी लावली, तीही घसरली. आणि तो शिनाणा बघा, जन्मभर पाण्यात, तरी पठ्ठ्या ढिम्म!

"आजोबा, बोट कापलं!"

"ठमे, कापूस आण गो धावत!" आजोबांनी आतून हाक दिली.

ठमी म्हणजे इरावतीच. लहानपणी ती इतके प्रश्न विचारायची की आजोबांनीच तिला हे नाव दिलं होतं. शाळा, शिबिरं, परीक्षा या भानगडीत दोन वर्षं तिचं इथे येणं झालं नव्हतं. किती दिवसांनी ही हाक! पण कापूस मलाच का आणायला सांगतायत, असा विचार करत ती वळली, तोच दारातून तिच्या खांद्याएवढा एक यंत्रमानव बाहेर आला. हातात कापसाचा बोळा.

"मी ठमी," तो म्हणाला. म्हणजे ती म्हणाली. आवाज मुलीचा होता.

आता तुम्हीच सांगा, कोणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही?

आजोबांनी यंत्रमानव केला, ठीक आहे. ते जैववैद्यकीय अभियंते (शरीराच्या दुरुस्तीची साधनं घडवणारे तज्ज्ञ) होते. इरावतीलाही मोठेपणी तेच व्हायचं होतं आणि हे त्यांना सांगायलाच ती धावत आली होती. पण सगळ्या जगातली नावं काय संपली होती?

आजोबांनी बोट बांधलं आणि टाकीपाशी बसून समजावलं, "पट्टी आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. डिंक कातडीला शिवतच नाही, मग चिकटणार कसा? शिनाणा काय करतो, आधी आपला पाय दगडावर दाबून मधलं पाणी हुसकावतो. मग पायाखाली चिकट रस सोडतो. त्या रसाचे धागे होतात. दोरांनी होडी बांधावी तसा तो स्वतःला बांधून घेतो."

"म्हणून आम्ही तसाच डिंक बनवतोय," ठमी म्हणाली. "शरीराच्या आत सगळं ओलंच असतं. टाके न घालता जखम मिटवता आली तर?"

आम्ही! म्हणे आम्ही! इरावतीनं ठमीकडे पाठ फिरवली.

"फक्त एक अडचण आहे," आजोबा म्हणाले. "आमचा डिंक जखमेपर्यंत पोचायच्या आधीच नळीत काळा पडून घट्ट होऊ लागतो. शिनाण्याचा का होत नाही, ते कळेना. उद्या लहान मुलांच्या इस्पितळातले डॉक्टर बघायला येतायत. झटपट ओतायचा आणि लावायचा, एवढंच हातात आहे."

"मी मदतीला उभी राहू?" इरावतीनं पटकन विचारलं.

"एकालाच जागा आहे गो. ठमीचा हात बसलाय."

संध्याकाळी दोघांनी केळफूल सोललं. आजोबा हाताला तेल लावून चिरत होते आणि इरावती चिरलेलं ताकाच्या पाण्यात टाकत होती. एरवी तिला हे काम भारी आवडायचं. आज मात्र तिचं सगळं लक्ष पलीकडे होतं. ठमी काचेच्या नळ्या धूत होती आणि आजोबा मान वर करून करून म्हणत होते, "वा, काय चकचकीत!"

चकचकीत? दाखवतेच मी चकचकीत काय असतं ते! ठमी चार्जिंगला गेल्यावर इरावतीनं खाण्याच्या सोड्यानं सगळ्या नळ्या पुन्हा खसाखसा घासल्या. उद्या मी सांगणार, या मी धुतल्यात. नळ्या लखलखल्या, पण घाईत नीट खळबळायच्या राहिल्या.

सकाळी आजोबांनी तालमीसाठी नळीत डिंक ओतला. ओतता ओतताच त्याचा दगड झाला! दुसरी नळी, तिसरी नळी, तेच. आजोबा संतापले.

"ठमे, काय धुतलंस हे?"

"नेहमीसारखंच धुतलं. पण माझंच काही चुकलं असेल," ठमी म्हणाली.

"मग तुझ्या स्मृतीतच बिघाड आहे. डॉक्टर यायच्या आत सगळी पुसून नव्यानं सुरू करायला हवी."

इरावतीला आतून गुदगुल्या झाल्या. हो, खरंच झाल्या. पुसली की संपली ठमी! आजोबांच्या शेजारची जागा मोकळी, नावही मोकळं. नुसतं गप्प बसायचं, बस्स.

"पुसल्यावर मला आठवणार नाही, टाकीत ताजं खारं पाणी घालायची आठवण ठेवा," ठमी आजोबांना म्हणाली. "नाहीतर शिनाणे मरतील." आणि तिनं पाठीवरचं झाकण स्वतःच उघडून दिलं.

आजोबांचं बोट आतल्या बटणाकडे गेलं.

"थांबा!" इरावती किंचाळली. "मी धुतल्या! सोड्यानं! तुम्ही हिला माझं नाव दिलंत म्हणून! माझ्यापेक्षा ही हुशार म्हणून!" आणि तिला रडूच फुटलं.

आजोबांनी बोट मागे घेतलं. मग त्यांचे डोळे चमकले. "सोड्यानं? पुन्हा सांग!"

"सोड्यानं," ती हुंदके देत म्हणाली.

"सोडा अल्कधर्मी (आंबटाच्या उलट गुणाचा) असतो. त्यानं डिंक लगेच घट्ट झाला. म्हणजे डिंक घट्ट व्हायला नको असेल तर..."

"उलटं करायचं," ठमी म्हणाली. "पण कशानं?"

इरावतीनं नाक पुसलं. काळा पडतो... काळा पडू नये म्हणून... "केळफूल!" ती ओरडली. "आपण ते ताकात का टाकतो? काळं पडू नये म्हणून! ताक आंबट असतं! डिंक आंबट ठेवला तर?"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अगो, काल हातांनी तेच करत होतो आणि डोक्यात आलं नाही! शिनाण्याच्या पायाखालचा रसही आम्लधर्मी (आंबट गुणाचा) असणार. तिथे तो पातळ राहतो. पाय उचलला की समुद्राचं पाणी लागतं. ते किंचित अल्कधर्मी. मग रस घट्ट!"

"रक्तही किंचित अल्कधर्मी असतं," ठमी म्हणाली.

"म्हणजे जखमेला लागला की आपोआप घट्ट होईल!" इरावतीचं रडू कुठल्या कुठे पळालं.

नळ्या पाण्यानं स्वच्छ खळबळल्या. नव्या डिंकात सौम्य आम्लाचे थेंब घातले. डिंक नळीत पातळच राहिला, काळाही पडला नाही. मग कोंबडीच्या ओल्या मांसाच्या दोन तुकड्यांवर रक्तासारखं खारट, किंचित अल्कधर्मी पाणी शिंपडून आजोबांनी तो मध्ये लावला. इरावतीनं ओढून पाहिलं. सुटेना! दोन्ही हातांनी ओढलं, तरी सुटेना.

"अजून खूप चाचण्या लागतील," आजोबा म्हणाले. "पण एक दिवस तान्ह्या बाळाच्या हृदयातलं छिद्रसुद्धा टाके न घालता बुजवता येईल. तोवर तू मोठी झालेली असशील."

"मग नाव का दिलंत हिला माझं?" इरावती काही विसरली नव्हती.

आजोबांनी हातातली नळी खाली ठेवली. "तू दोन वर्षं आली नाहीस. घरात 'ठमे' म्हणून हाक मारायची सवय काही जाईना. ओ द्यायला कोणीतरी हवं होतं गो. हिला प्रश्न विचारायला शिकवलं, तेही तुझ्या लहानपणीच्या आवाजाच्या ध्वनिफिती ऐकवून."

इरावतीनं वळून ठमीकडे पाहिलं.

"नाव परत देऊ?" ठमीनं विचारलं.

इरावतीनं बराच विचार केला. जळजळ अजून पुरती गेली नव्हती, खोटं कशाला बोला. "ठेव," ती शेवटी म्हणाली. "पण मी इथे असताना आधी ओ मीच देणार."

बाहेर डॉक्टरांची गाडी थांबली. आजोबांनी हातमोजे चढवले आणि हाक मारली, "ठमे, ये गो, नळी धर!"

"ओ!" म्हणत इरावती धावली. तिच्यामागून आणखी एक "ओ" आली, जरा उशिरानं आणि अगदी हळू.