घरात किमान एक

कॉम्प्युटरवरचं ते नोंदणीचं पान दिपालीने स्वतः बनवलं होतं, त्यामुळे चूक निघालीच तर तिचीच. साल २००९. शहापूरला स्टँडमागे तिचं कॉम्प्युटरचं दुकान, आणि पाड्यांवर सौरदिवे वाटणाऱ्या एका संस्थेने नावनोंदणीचं काम दिलेलं. ‘घरातील माणसे’ या रकान्यात शून्य टाकलं की लाल अक्षरं यायची: ‘किमान १ हवे’. तिने पुन्हापुन्हा तपासलं होतं. काम चोख होतं हो, चित्तच थाऱ्यावर नव्हतं. सापगावात आई एकटी, आणि तिच्या छातीत दुखत होतं.

दुपारी देवजी जीपवाल्याबरोबर किन्हवलीकडच्या पाड्यावरची काशी आली. नवरा कोंडू तापाने घरी पडलेला.

“घरात माणसं किती, मावशी?”

“एक लिव. कोंडू.”

“आणि तू?”

“मी तं हितं हाय ना! आमच्यात चुलीपाशी असल तेवढाच मोजतात. बाहेर गेल्याला मोजू नाय.”

दिपालीला हसू आलं. तिने १ टाकला. लाल. परत टाकला. लाल. मग देवजीचा अर्ज भरून पाहिला, तर त्याच्या घरचा ४ हा आकडा बिनबोभाट घेतला.

“काय बोलतो ह्यो?” काशीने विचारलं.

“घरात कोणीच नाही म्हणतो. यंत्र आहे मावशी, बिघडलं असेल.”

काशी उठली ती थेट जीपकडे धावली.

दिवेलागणीला देवजी एकटाच परत आला. दारातूनच म्हणाला, “कोंडू दुपारीच गेला गो. आमी पोचलो तवा अंग गार होतं.”

छे, योगायोग! दिपालीने प्रोग्रामची ओळन्‌ओळ वाचली. सगळं जागच्या जागी. मग, नको नको वाटत असताना, तिने सापगावचा पत्ता घातला. माणसे: १.

लाल.

तिने घरी फोन लावला. लगेच उचलला गेला.

“बोल गो.” आईच होती. तिचाच आवाज, तिचाच खोकला.

“आई, बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय!”

दिपालीला रडूच फुटलं. मेलं यंत्रच वेडं! त्याचा वेडेपणा एकदा बघूनच टाकू म्हणून तिने १ खोडला आणि ० टाकलं.

‘नोंद झाली.’

फोन कानालाच होता.

“भात टाकलाय तुझा,” आई म्हणाली. “येतेस ना?”