मुठीतला फ्यूज

सांगायला लावताच आहात, तर ऐका. पण मध्ये कुणी "मग काय झालं, मग काय झालं" केलं, तर मी सरळ झोपायला जाईन. मग बसा एकमेकांची तोंडं बघत. घरात चार मैत्रिणी जमल्या की माझ्या नातीचं हे ठरलेलं. "आजोबा, ती फ्यूजची गोष्ट." मी काय घंटी आहे, बटण दाबलं की वाजायला?

आज सांगतोय ते तिच्या कानातल्या बोंडांमुळे. मगाशी विचारलं, काय ऐकतेस गं? तर म्हणे, "गाणं नाही आजोबा, फ्रिक्वेन्सी आहे. ही ऐकली की मेंदूच्या लहरी शांत होतात." मी कानाला लावून बघितलं. बिघडलेल्या फ्रिजची घरघर! आणि ही दुसरी म्हणते, टॉवरच्या लहरींनी डोकं बिघडतं. बाई गं, बिघडायला ते आधी असावं लागतं.

मी चौथी शिकलो. पण चाळीस वर्षं रेडिओची पोटं फाडत बसलोय. रेडिओ मेंदूला काय करतो, हे जो तो विचारतो. मेंदू रेडिओला काय करतो, ते मला विचारा.

तो दिवा मालव. डोळ्यावर येतो.

तर, गोष्ट माझ्या साडूची. आतलं सगळं त्यानं सांगितलेलं, बाहेरचं माझं स्वतःचं. साडू खोटं बोलत नाही. तेवढी अक्कल नाही त्याच्यात. माझ्या दुकानासमोर गल्ली, आणि गल्लीपलीकडे इस्पितळ. साडू तिथं कामाला. आजारी माणसाच्या डोक्याला मलम लावून एकवीस तारा चिकटवायच्या आणि यंत्र सुरू करायचं. मेंदूत जी काही हालचाल असेल, तिच्या रेघा यंत्राच्या सुया कागदावर ओढतात. सगळे त्याला तारवालाच म्हणतात. पडद्यावर रेघा दाखवणारं नवं यंत्र तेव्हा दुरुस्तीला गेलेलं, म्हणून कोठीतलं हे जुनं कागदवालं बाहेर काढलेलं.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. संध्याकाळी सात वाजता साडू दुकानात आला. मी एका सेटची तुटकी तार जोडायला डाख देत होतो.

"बसा साडूबुवा. चहा सांगू?"

"चहा नको. चिठ्ठी आणलीय." आणि हा माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघतोय. तेव्हाच समजलो, चिठ्ठीत माझं काही तरी वाईट आहे.

चिठ्ठी मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांची. 'रात्री बारा ते चार समोरील दुकानातील सर्व उपकरणे बंद ठेवावीत.' खाली सही, चिठ्ठीपेक्षा मोठी. ह्या डॉक्टरांना इस्पितळात सपाटसाहेब म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. का, तर कागद हातात घेतला की ते एकच शब्द बोलतात. "सपाट." म्हणजे रेघ सरळ. म्हणजे मेंदू संपला.

"अरे, पण रात्री माझ्या दुकानात चालू काय असतं? उंदीर?"

तेव्हा साडूनं सांगितलं. इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई होती. मशीनवर बसल्या बसल्या डोक्यातली शीर फुटली. नऊ दिवस बेशुद्ध. श्वास घ्यायलाही यंत्र. घरात दुसरं कुणी नाही, एक लेक. ती बसमध्ये कंडक्टर. रविवारी साडूनं बाईचा कागद काढला, तर सपाट रेघेत मधूनच एक बारीक लहर. लेक म्हणाली, "बघा, आई आहे." साहेब म्हणाले, "आई नाही. हा समोरच्या भंगारवाल्याच्या रेडिओंचा अडथळा आहे. पुन्हा काढा. सपाट आला, तर बुधवारी आठ वाजता श्वासाचं यंत्र काढू."

लेक काय म्हणाली असेल? "साहेब, तिकीट फाडल्याशिवाय मी कुणाला उतरवत नाही. तुम्ही माझ्या आईला कसे उतरवता?"

पोरगी आवडली मला. आणि भंगारवाला म्हणे! मी डाख देणारा माणूस आहे.

"साडूबुवा," मी म्हटलं, "साहेबाला सांग, उपकरणं बंद नाही करणार. फ्यूजच काढून हातात घेऊन उभा राहीन. मग येऊ दे काय यायचं ते."

रात्री बाराला पाच कमी असताना मी मीटरखालचा फ्यूज उपसला. चिनी मातीचा, जुना, मुठीत मावणारा. त्यातली तार मी त्याच सकाळी नवीन बांधली होती. पुन्हा सांगतो, नवीन. लक्षात ठेवा. फळीवर चाळीसेक सेट होते. कुणाचं पोट उघडं, कुणाचा भोंगा काढलेला, कुणाला वायर नाही. सेल तर एकातही नाही. मी खुर्ची दारात ओढली आणि मुठीत फ्यूज धरून बसलो. वरच्या खिडकीतून दिसावा असा.

आता वरचं ऐका.

खोलीत बाई, साडू, लेक आणि रात्रपाळीची नर्स. साडूनं तारा लावल्या. यंत्र सुरू. सुया सरकतायत. कागद सरकतोय. एक वाजला. सव्वा वाजला.

रेघ सपाट.

साडूचं तोंड उतरलं. लेकीनं ते बघितलं. तिनं पिशवीतून आईचं अंगुस्तान काढलं. शिवताना बोटात घालायचं, लोखंडी टोपण. आपल्या बोटात घातलं.

"काय करता, ताई?" नर्स म्हणाली.

"लहानपणी आमची एकच खोली. आई रात्रभर शिवायची, मी अंथरुणात. मध्येच ती ह्यानं टेबलावर दोनदा वाजवायची. म्हणजे, आहेस का? मी भिंतीवर एकदा वाजवायची. म्हणजे, आहे. बोलायचं नाही. शेजारी झोपलेले असायचे."

आणि तिनं खाटेच्या दांड्यावर वाजवलं. टक टक.

काही नाही. एक... दोन... तीन...

सुया उडाल्या. एकदाच. आणि पुन्हा सपाट.

नर्सनं तोंडावर हात ठेवला. पण आमचा साडू! त्याला पंचवीस वर्षांची सवय. खाटेला धक्का लागला तरी सुई उडते, हे त्याला ठाऊक. तो म्हणाला, "ताई, ह्यावर साहेब विश्वास ठेवणार नाहीत. मला वाटी करू दे."

वाटी म्हणजे त्यांच्या कामातली जुनी तऱ्हा. संशय आला की तारा डोक्यावरून काढायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या वाटीत सोडायच्या. वाटी खाटेवरच ठेवायची. वाटीला काही मेंदू नसतो. धक्क्यानं सुई उडत असेल, तर वाटीतही उडेल. साडूनं तारा काढल्या, वाटीत सोडल्या.

"वाजवा."

टक टक.

रेघ सपाट. हलली नाही. म्हणजे मघाचं ते धक्क्याचं नव्हतं. बाईचं होतं!

पुन्हा तारा डोक्याला. टक टक. एक... दोन... तीन... सुया उडाल्या. एकदा.

आहे.

साडूनं कागदावर पेननं लिहिलं, 'एक वाजून बावन्न मिनिटे. हाकेला उत्तर.' लेक हसत होती आणि रडत होती. खिडकीत येऊन तिनं खाली माझ्याकडे बघितलं. मी फ्यूज वर करून दाखवला. तिनं अंगुस्तान वर करून दाखवलं. माझ्या आयुष्यात मला एवढा मान कुणी दिला नाही.

इथं थांबला असता ना साडू! पण नाही. भित्रा माणूस आहे. साहेब काय म्हणतील, साहेब काय म्हणतील. "अजून एकदा वाटी करतो," म्हणाला. "दोनदा केलेलं बरं." लेक म्हणाली, "आता कशाला? तिला त्रास होतोय." हा ऐकेना. तारा काढल्या. वाटीत सोडल्या.

दोन वाजून सहा मिनिटं.

लेक आईच्या उशाशी. हात आईच्या केसांवर. नर्स दाराशी. साडू यंत्रापाशी. कुणी काही वाजवलं नाही.

सुया उडाल्या.

दोनदा.

साडू म्हणतो, मला वाटलं माझाच धक्का लागला. त्यानं दोन्ही हात वर केले. पोलिसानं पकडल्यासारखे.

पुन्हा. दोनदा.

तारा वाटीत. वाटीत मीठ आणि पाणी.

नर्सनं बाईकडे बघितलं. मग धावली. गळ्याला बोटं लावली. छातीला कान लावला. श्वासाचं यंत्र छाती वर-खाली करत होतं, पण आत... काही नाही. बाई गेली होती. साडू वाटी तपासत बसला, आणि तेवढ्यात बाई डोक्यातून निघाली.

पण सुया...

दोनदा.

साडूनं यंत्राचं बटण बंद केलं. दिवा विझला. कागद थांबला. सुया थांबल्या नाहीत. एकाच जागी, थांबलेल्या कागदावर. टक टक. मग त्यानं भिंतीतून वायरच उपटली.

टक टक.

साडू भिंतीला चिकटला. फक्त लेक घाबरली नाही. ती उठली. यंत्राजवळ गेली. अंगुस्तानानं खाटेच्या दांड्यावर एकदाच वाजवलं.

टक.

"आहे गं आई," म्हणाली. "मी आहे. जा तू."

सुया खाली पडल्या.

...

आता खालचं. हे मला कुणी सांगितलेलं नाही.

दोन वाजून सात-आठ मिनिटं झाली असतील. मी दारात. गल्लीत चिटपाखरू नाही. इस्पितळाच्या जिन्यातला दिवा तेवढा. माझ्या पाठीमागे दुकान, काळंकुट्ट. मुठीत फ्यूज.

पाठीमागून आवाज आला.

टक टक.

उंदीर म्हटलं. म्हटलं म्हणजे... मनात. तोंड उघडेना.

मग एका सेटमधून नाही. सगळ्या फळीवरून. चाळीस भोंगे. ज्यांचे भोंगे मी स्वतः काढून ठेवले होते, त्यांच्यातूनही.

टक टक.

मी वळलो नाही. उगाच शौर्य सांगणार नाही, मान वळेचना. पण मला राग आला. खरं सांगतो, भीतीच्या वर राग आला. माझं दुकान. माझे सेट. फ्यूज माझ्या हातात. आणि वाजवतंय कोण? मला न विचारता?

मला तेव्हा त्या खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता. तो साडूनं दुसऱ्या दिवशी सांगितला. तरी माझा हात आपोआप गेला. दाराच्या चौकटीवर, बोटाच्या पेरानं. एकदा.

टक.

आणि मग... काही नाही. एवढी शांतता की वर खोलीत पोरगी हुंदके देत होती, ते मला गल्लीत ऐकू आलं.

सकाळी आठाला साहेब आले. श्वासाचं यंत्र काढायला. दारात कंडक्टर पोरगी उभी. "उशीर झाला साहेब. आई तिच्या वेळेनं उतरली. तुमच्या नाही." साहेबांनी तिला बाजूला केलं, कागद उचलला. साडूनं लिहिलेलं वाचलं. त्यावर तांबड्या पेननं काट मारली आणि खाली लिहिलं, 'बाहेरील रेडिओचा अडथळा. जबाबदार, समोरचे दुकान.'

साडू मान खाली घालून उभा. मी असतो तर... असो. मी गेलोच. तसाच, मूठ आवळलेली. त्या टकटकीपासून उघडलीच नव्हती. साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो.

"साहेब, रेडिओचा अडथळा म्हणता. दुकानात वीज नव्हती. हा बघा फ्यूज."

"तुम्ही बाहेर व्हा."

"बघा तरी."

"हे इस्पितळ आहे, भंगाराचं दुकान नाही. बाहेर."

मी मूठ उघडली. त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं.

तो दिवा लाव आता. लाव म्हटलं ना. हा घ्या, हातात घ्या, घाबरू नका. तोच आहे. त्यानंतर मीटरला दुसरा बसवला, हा कधी बसवला नाही. आतली तार बघा. मी उपसला तेव्हा नवी होती, अखंड होती. फ्यूजची तार कधी जळते? झेपणार नाही एवढी वीज तिच्यातून गेली की. मीटरला असताना. मुठीत नाही.

मधोमध वितळलीय. दोन्ही टोकांना काळे मणी.

आणि हा माझा तळवा. इथं. हा डाग साबणानं जात नाही. डॉक्टरला दाखव म्हणते ही नात. कुठल्या डॉक्टरला दाखवू? कागदावरचं ते तांबडं अक्षर अजून तसंच आहे, माझ्या दुकानाच्या नावानं. खोडायला यावं लागेल त्यांना. हा हात बघावा लागेल, आणि चुकलो म्हणावं लागेल, इथं, माझ्या दारात. मी मरायचा नाही तोवर. थांबलोय.

कोण यायचंय म्हणून काय विचारता? सपाटसाहेब.