सत्तेचाळीस सेकंदांची फाइल

फुकट मिळालेल्या वस्तूवर श्यामकांत कारखानिसांचा काडीचा विश्वास नव्हता. असणार कसा? अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेला माणूस. सप्लायरने गोड बोलून नमुना पुढे केला की हे तो तीन बाटल्यांत ओतणार, वर नाव न लिहिता नुसते नंबर टाकणार आणि तिघांकडून वेगवेगळा तपासून घेणार. चौथी बाटली सीलबंद करून कपाटात. तिला काउंटर सॅम्पल म्हणायचं. उद्या तंटा झाला तर मूळ माल हाताशी हवा. निवृत्तीनंतर बदलापूरला कात्रपमध्ये राहायला आले तरी ही खोड गेली नव्हती. दूधवाला बदलतानासुद्धा त्यांनी हेच केलं होतं आणि त्यांच्या बायकोची, मालिनीबाईंची हसून मुरकुंडी वळली होती.

त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या दुकानदाराने एक सीडी पुढे करून "इसमें तीन अँटिव्हायरस हैं साईं, तीनों फ्री. जो ठीक लगे रखो, बाकी निकाल दो," असं सांगितलं, तेव्हा श्यामकांतांनी सीडी घेतली खरी, पण तोंड कडूच ठेवलं.

घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता. मालिनीबाईंनी हौसेने टाइप केलेल्या पाककृती उघडाव्यात तर पडद्यावर नुसते चौकोन. त्या गेल्या तर गेल्या. पण त्याच कॉम्प्युटरवर आवाजाची एक फाइल होती, आणि ती गेली असती तर श्यामकांतांकडे जगण्यासारखं काही उरलं नसतं. मूलबाळ नव्हतं. मालिनीबाई दिवाळीत गेल्या होत्या.

घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढणार, असं ठरलं तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशी श्यामकांतांनी माइक जोडून बाईंना खुर्चीवर बसवलं. त्यांना काय बोलावं ते सुचेना. "चालू झालं का हो? आता काय बोलू? इश्श, तुम्हीच बोला ना काहीतरी," एवढं म्हणाल्या आणि हसल्या. सत्तेचाळीस सेकंद, त्यातली निम्मी शांतता. पुढे चार महिने त्या पाटीवर लिहून बोलल्या. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी श्यामकांत औषध आणायला खाली गेले होते, वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवसाबद्दल ते कोणाशी बोलत नसत.

फाइलची प्रत एका फ्लॉपीवर होती. कोपऱ्यातली खिटी सरकवून ठेवलेली, म्हणजे तिच्यावर कोणी काही लिहू नये की पुसू नये. काउंटर सॅम्पल.

त्यांनी तिन्ही अँटिव्हायरसना अ, ब, क अशी नावं दिली आणि एकामागून एक चालवले. पाककृतींबद्दल तिघांचं एकमत झालं. आवाजाच्या फाइलीबद्दल मात्र अ म्हणाला, काही नाही. ब म्हणाला, संशयास्पद, लांबी बदलली आहे. क म्हणाला, लागण झाली आहे, साफ करू का? श्यामकांतांनी घाईघाईने नाही म्हटलं आणि फाइलची लांबी पाहिली.

अठ्ठावन्न सेकंद.

त्यांनी ती लावली. बाई हसल्या. तिथे संपायला हवं होतं. पण पुढे पंखा ऐकू येत होता, आणि पंख्यामागे काँक्रीटच्या मिक्सरची घरघर. शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंगचं काम निघालं होतं खरं, पण ते यंदाच्या गुढीपाडव्यानंतर.

दुसऱ्या दिवशी फाइल दोन मिनिटांची झाली होती. आता तिच्यात भांडी घासल्याचा आवाज होता. धुण्याभांड्याला येणारी गंगू घासलेलं भांडं नळावर आपटते तो आवाजसुद्धा. आणि मग मालिनीबाई म्हणाल्या, "गंगू, साहेब कुठे गेले गं?"

ऑपरेशनच्या आधीचा आवाज, भरलेला, किंचित सानुनासिक. गंगू घासतच राहिली.

श्यामकांतांनी माइक जोडला. "मालू, मी इथेच आहे," ते म्हणाले. "अगं, इथेच तर बसलोय." दुपारभर ते बोलत राहिले. औषधाला खाली गेलो त्या दिवसाचंही बोलले, जे आजवर मनातसुद्धा पुरतं बोलले नव्हते. बोलून झाल्यावर लहान मुलासारखे रडले.

तिसऱ्या दिवशी फाइल अकरा मिनिटांची. मिक्सर होता, पंखा होता, नळाला पाणी आल्याचा आवाज होता. श्यामकांत कुठेच नव्हते. एक शब्द नाही, खोकला नाही. आणि बाई घरभर फिरून विचारत होत्या, "अहो? अहो, कुठे गेलात? घरात कोणी नाही का?"

ते ओरडले. माइक ओठांना लावून ओरडले. चौथ्या दिवशी फाइल पाऊण तासाची झाली, आणि तिच्यातही ते नव्हते. त्या पाऊण तासात बाई काय काय म्हणाल्या ते श्यामकांतांनी पुढे कोणाला सांगितलं नाही. शेवटी शेवटी त्या फक्त हाका मारत होत्या.

पाचव्या दिवशी त्यांनी जयदेवला बोलावलं. जयदेव कात्रपमध्येच कॉम्प्युटर क्लास चालवायचा. जवळच्या जांभूळ गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, हुशार. आल्या आल्या त्याने हसून सांगितलं की आवाजाच्या फाइलीला व्हायरस लागतच नाही. मग त्याने हेडफोन लावला. दोन-तीन मिनिटं ऐकलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि श्यामकांतांकडे न बघता बोलला.

"काका, काकू दिवाळीला गेल्या ना?"

"हो."

"मंग त्यांना आज गुरुवार हाय ते कसं कलतं?"

जयदेव चहाला थांबला नाही. दारात चपला घालताना एवढंच म्हणाला, की डिस्क भरत आली आहे, भरली की सगळंच जाईल. "साफ करून टाका काका. आनि घरातल्या सगल्या फ्लॉप्या पन करा. एक जरी रायली तरी परत येल."

रात्रभर श्यामकांतांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. अ ठेवला तर काही करावं लागणार नाही. तो म्हणतच होता, काही नाही. पण मग मालू रिकाम्या घरात हाका मारत फिरणार, रोज जास्त वेळ. क चालवला तर ते थांबेल. मूळचे सत्तेचाळीस सेकंद राहतील, त्यात ती हसते. तेवढं पुरे. जिवंतपणी शेवटच्या वेळी तिच्याजवळ नव्हतो, निदान आता तरी तिला वाट बघायला लावू नये. तिघांपैकी दोघांनी दोष दाखवला आहे, असंही त्यांनी स्वतःला समजावलं. कारखान्यात तेवढ्यावर माल परत जायचा.

सकाळी त्यांनी क चालवला आणि हो म्हटलं.

घरातल्या सगळ्या फ्लॉप्या घाला, असं पडद्यावर आलं. त्यांनी एकेक घातली. शेवटची कपाटातली, आवाजाच्या प्रतीची. खिटी सरकवलेली होती म्हणून क अडला. श्यामकांतांनी नखाने खिटी परत मागे घेतली. माल तपासला की काउंटर सॅम्पलही त्याच पद्धतीने तपासायचं, हा त्यांचाच नियम. सव्वीस वर्षं हाताखालच्या पोरांना तो शिकवला होता, आणि हात सवयीने चालत होता.

सर्व लागण काढून टाकली आहे, असं क म्हणाला.

त्यांनी फ्लॉपीवरची प्रत लावली. सत्तेचाळीस सेकंद, बरोबर. पंख्याचा आवाज. तेवढाच. बोलणं नाही, हसणं नाही.

क ला जी लागण वाटली होती, ती मालू होती.

मग त्यांनी कॉम्प्युटरवरची फाइल पाहिली. ती लांबच्या लांब तशीच होती. लावली.

मिक्सर. भांडी. नळ. आणि त्यांचा स्वतःचा आवाज. "मालू, मी इथेच आहे." सगळं होतं आता, दुपारभर बोललेलं, ओरडलेलं, रडलेलं. मध्ये मध्ये तिच्या हाकांच्या जागा कोऱ्या.

एक लांब कोरी जागा आली.

"हो गं," फाइलीतले श्यामकांत म्हणाले.

हे ते बोलले नव्हते.

"ऐकू येतंय. किती हाका मारतेस? आलो, आलो."

पावलं. दार उघडलं. दार लागलं. बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मागे मिक्सर चालू राहिला.

श्यामकांत ऐकत बसले.

चार वाजता गंगू आली. दाराची बाहेरची कडी काढली आणि आत येऊन तिने हाक मारली, "साहेब?"

"अगं, हा काय, इथेच आहे," श्यामकांत म्हणाले.

गंगूने स्वयंपाकघरात डोकावलं, मोरीत डोकावलं. "पंखा चालू, मशीन चालू, आनि मानूस बाहेर," ती स्वतःशीच पुटपुटली. तिने दोन्ही खटके बंद केले. मग केर काढायला वाट हवी म्हणून श्यामकांत बसले होते ती खुर्ची एका हाताने, सहज, टेबलाखाली सारली.