वाट मागणारी

आमची शिवरंजनी घरी बसून स्पॅनिश बोलणं ऐकते आणि त्याचं इंग्रजी करते. मी तिसरी शिकलेली, पण नातीची नोकरी मला कळते. त्या आठवड्यात तिला कामात नुसते माफीचे शब्द आले होते. पेर्दोन, दिस्कुल्पे, लो सिएन्तो.

"एवढे?" मी म्हटलं. "दिवसभर चुकाच करतात वाटतं तिथली माणसं."

"सगळे चुकांचे नसतात, अज्जी. हा ऐक, कोन पेर्मिसो. माणसांमधून जायचं असलं की म्हणतात. जरा वाट द्या. इंग्रजीत एक्स्क्यूज मी."

तिनं कंप्यूटरवर तो आवाज लावला. कोणी बाई होती. हळू बोलत होती, दमलेली.

आतल्या खोलीत माझी सून भवानी, शिवरंजनीची आई, अंथरुणाला खिळलेली. साक्कोट्टैच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. मी नव्हते टेकले. तळ्यापर्यंतची सगळी गल्ली मला भांडखोर म्हणते. म्हणू दे.

दुसऱ्या दुपारी मी कॉफी पीत होते. कोन पेर्मिसो. अगदी मानेजवळ. पेला हातातून निसटला.

"तो कंप्यूटर बंद कर गं."

"बंदच आहे, अज्जी. सकाळपासून वीज कुठंय?"

मी उठून भवानीच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. उंबऱ्यावर बसू नका म्हणून मीच सगळ्यांवर ओरडते. तरी बसले. पाठ तिच्याकडे, तोंड रस्त्याकडे, पाय आडवे. जी कोण वाट मागत होती, ती आत येता कामा नये. जेवलेही तिथंच.

आवाज येतच राहिला. कुठून, ते कळेना.

"नाही देत," मी म्हणायची. "दुसरं दार बघ, सटवे."

शुक्रवारी शिवरंजनी समोर येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"अज्जी, आज मलाही ऐकू येतंय. तुझ्या मागून."

मी वळले.

भवानीचे डोळे उघडे होते. ओठ हलत होते. तंजावरच्या पलीकडे कधी न गेलेली माझी सून.

कोन पेर्मिसो.

"तूच मागत होतीस होय गं?"

ती बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

मी पाय जवळ ओढले.

पदराला काहीतरी घासून गेलं, गार. शिवरंजनी आपोआप भिंतीशी सरकली. मागे भवानीचे ओठ थांबले होते, श्वासही.

उघड्या दारातून रस्ता दिसत होता. ऊन होतं, माणूस नव्हतं. समोर फुलं विकायला बसलेल्या अलमेलुनं मान वर न करताच आपली टोपली बाजूला ओढली, आणि कोणाला तरी वाट करून दिली.