स्पीकरमागची हातभर जागा

खोटं सांगून मला काय मिळणार? जिच्या डोळ्यांदेखत हे घडलं, ती माझी चुलत बहीण. सगळे तिला ताई म्हणतात.

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीत ऊन.

तिचा धाकटा भाऊ बाळ्या. पेट्या, पियानो सुरात लावून देणं हा त्याचा धंदा. कान गेला की पोट गेलं.

गाणी ऐकायच्या दोन ॲपपैकी कुठलं चांगलं वाजतं, हे त्याला त्या दिवशी ठरवायचं होतं. मुलांनो, अशी तुलना डोळे बांधून करतात. गाणं एकच, आवाजही तेवढाच. फक्त ॲपचं नाव सांगायचं नाही. नाव कळलं की कान लबाडी करतो.

मोबाइल ताईकडे. बाळ्याने स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले.

"मागे जागा लागते, ताई. आवाज मोकळा होतो."

"डोकं मोकळं झालंय तुझं," म्हणत ताईने त्याच्या डोळ्यांवर ओढणी आवळली.

पहिलं ॲप. संथ, अंगाईसारखं गाणं.

"ठीक."

दुसरं.

"अहाहा! यात बाईचा श्वाससुद्धा ऐकू येतोय!"

ताई दचकली.

गाणारा पुरुष होता...

तिने पुन्हा पहिलं लावलं.

"हे दुसरंच! श्वास अजून जवळ आलाय."

"चुकलास, शहाण्या. पहिलं आहे."

"गप गं. डाव्या स्पीकरमागे... कोणीतरी उठतंय. काय बारकावा आहे!"

ताईने तिकडे पाहिलं. रिकामी जागा. भिंत.

आणि...

फाट!

बाळ्याची मान उजवीकडे फेकली गेली. डाव्या गालावर पाच बोटं उमटली.

"ताई, मारतेस काय?"

ताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती.

तिने धावत जाऊन स्पीकरची पिन उपटली. खोली चिडीचूप.

बाळ्या हसला. ओठातून रक्त गळत होतं.

"हे! हेच सगळ्यात स्वच्छ! कुठलं गं हे?"

गाणं बंद होतं...

दुसरा फटका. खुर्चीसकट तो आडवा. मग त्याचं डोकं फरशीवर आपटू लागलं. पुन्हा. पुन्हा. ताईने खाली हात घातला. तिची दोन बोटं मोडली. बाळ्याच्या डाव्या कानातून रक्ताची धार लागली.

तिने जिवाच्या आकांताने लाथ मारून डावा स्पीकर भिंतीला भिडवला.

सगळं थांबलं.

फक्त एकदा, मागून, स्पीकरला धक्का बसला...

डावा कान कायमचा गेला. आता उजव्यावर धंदा चालतो. त्यामुळे ताई कुठेही त्याच्या उजव्या बाजूलाच बसते, चिकटून.

वर्गात मुलांना प्रत्येक गोष्टीचं कारण समजावून सांगायची मला सवय. याचं कारण मला सापडलेलं नाही.

परवा जेवताना बाळ्या म्हणाला, "ताई, एवढी लांब का बसलीस?"

"लांब? खांद्याला खांदा लागलाय की रे."

तो घास हातात धरून थांबला.

"मग आपल्या मधे... श्वास कोण घेतंय?"