खरवडीचा डबा

चित्रकलेच्या मास्तरांना जाऊन पाच महिने झाले होते आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, त्यांची खोली रिकामी करायची होती, म्हणून ती त्यांचं ईझल, चित्र टेकवायची घोडी, आणायला गेली. काम अर्ध्या तासाचं. ती मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. वीस वर्षं तैलरंगांशी झटापट करूनही तिच्या चित्रांना स्वतःचा असा चेहरा आला नव्हता. त्याच आठवड्यात गॅलरीवाल्याने तिला तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं.

"दहा चित्रं आणलीत मॅडम, पण दहा जणांनी काढल्यासारखी वाटतात. एका हाताची आणा, भिंत तुमची."

तिने हसून मान डोलावली होती आणि जिन्यात येऊन रडली होती.

ईझलबरोबर काकूंनी एक पत्र्याचा डबा पुढे केला. काम संपलं की मास्तर रंग कालवायच्या पॅलेटवर उरलेला रंग सुरीने खरवडून त्यात टाकत. सगळे रंग मिसळून त्याचा करडा चिखल होई, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक रंगात त्यातला कणभर जाई. म्हणून तर त्यांची सगळी चित्रं एका घरातली वाटत.

"फेकून दे म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "माझ्याच्याने होईना. वर कातडं धरलंय बघ. ते अलगद उचलून टाक, ढवळू नकोस. खाली रंग ओला असतो."

हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण घरी आल्यावर तिला कुठला धीर. झाकण उघडलं, सुरी घातली आणि कातड्यासकट ढवळून मोकळी झाली. खवट तेलाचा वास आला, आणि त्याच्यामागून दुसरा, शिळ्या तोंडाचा. मास्तरांना ब्रश ओठांत धरून त्याला टोक काढायची सवय होती. वर्गात ते पाहताना तिला शिसारी यायची, पण त्यांना सांगणार कोण.

पहिलं चित्र खुर्चीचं झालं, दुसरं खिडकीचं, तिसरं नवऱ्याच्या चपलांचं. तिन्ही भिंतीला टेकवून ती मागे सरकली. सख्खी भावंडं वाटत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वतःचा हेवा वाटला.

"जमलं की गं तुला," नवरा दारातून म्हणाला. जवळ आला आणि त्याने नाक दाबलं. "तोंडाला काय लागलंय तुझ्या?"

तिने आरशात पाहिलं. ओठ करडे झाले होते, दातांच्या फटींत रंग बसला होता, जिभेवर चिकट थर होता. ब्रश तोंडात कधी गेला ते काही केल्या आठवेना. ती बेसिनवर वाकून ओकली. जे पडलं तेही करडंच होतं.

तरी तिने डबा टाकला नाही. गॅलरीची भिंत दिसत होती ना समोर. ती रोज त्यातून रंग घेई, आणि डबा होता तेवढाच भरलेला राही. रोज सकाळी त्यावर नवं कातडं धरलेलं असे. आठव्या चित्राच्या दिवशी मात्र तिने शहाण्यासारखं ते आधी उचलायला घेतलं. चिमटीत धरलं तर ते कोमट लागलं. खालची बाजू बुळबुळीत होती, वरची खरखरीत. तिने ते खिडकीशी उजेडात धरलं. बारीक बारीक छिद्रं होती, आणि छिद्राछिद्रातून पांढरे खुंट वर आले होते. दोन दिवसांची दाढी असावी तसे.

तिने डबा कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत नेऊन टाकला. हात तीनदा धुतले, पॅलेट जाळलं, नवे ब्रश आणि सीलबंद ट्यूब आणल्या. उरलेली तीन चित्रं तिने ओठ घट्ट मिटून काढली. तीही त्याच घरातली निघाली.

प्रदर्शन रविवारी सकाळी उघडलं. गॅलरीवाला येईल त्याला सांगत होता, "आता कुठे बाईंना हात सापडला." लोक तिचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते आणि मग हळूच रुमालाला बोटं पुसत होते.

काकू उशिरा आल्या. त्या एकेका चित्रापुढे थांबल्या, शेवटच्या तीन चित्रांपुढे जास्तच. मग तिच्यापाशी आल्या. पदराचं टोक जिभेने ओलं करून त्यांनी तिचा खालचा ओठ पुसला. बराच वेळ, सवयीच्या हाताने.

"काकू... काय करताय?"

काकूंनी तिच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

"आज दाढी नाही केलीत?"

तिला ओरडावंसं वाटलं. सगळे बघत होते, म्हणून ती हसली. काकू पुढे गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड करून हनुवटी चाचपली. खुंट टोचले. ते नखाने काढायला गेली तशी कातडी सरकली. अलगद, सबंध, कानापर्यंत.

खाली ओलं होतं.